सतराशे पंच्याण्णव डॉलरची गोष्ट

व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत एका माणसाचे नाव एका चुकीला कायमचे चिकटून बसले आहे. नवा माल तयार व्हायच्या आधीच त्याचा गाजावाजा केला, की गिऱ्हाईक जुना माल घ्यायचे थांबते. गल्ल्यात पैसा येईनासा होतो आणि नवा माल दुकानात पोचायच्या आत दुकानालाच टाळे लागते. या प्रकाराला जगभर ‘ऑस्बॉर्न परिणाम’ म्हणतात. मोटारी विकणाऱ्यांपासून मोबाइल फोन विकणाऱ्यांपर्यंत सगळे या नावाला बिचकून असतात.

ज्याचे हे नाव, तो अ‍ॅडम ऑस्बॉर्न १८ मार्च २००३ रोजी वारला. कॅलिफोर्नियातल्या एखाद्या प्रशस्त बंगल्यात नव्हे, तर आपल्या तमिळनाडूतल्या कोडाईकनालला, बहिणीच्या आश्रयाने. वय ६४ वर्षे. एके काळी अमेरिकेतल्या घरगुती संगणकाच्या बाजाराला त्याने गदगदा हलवले होते. संगणक म्हणजे काय किमतीला विकायची वस्तू, याचा हिशेबच त्याने बदलून टाकला होता. पण आज त्याची आठवण निघते ती फजितीचे उदाहरण म्हणून.

माझी हयात बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. त्यामुळे बुडालेल्या कंपनीची कहाणी वाचताना मी आधी तिची विक्री नाही, तिची रोकड बघतो. त्या नजरेने पाहिले तर ऑस्बॉर्नची पाठ्यपुस्तकातली गोष्ट मला अर्धीच वाटते. उरलेली अर्धी अधिक मोलाची आहे, आणि ती सुरू होते अरुणाचल पर्वताच्या पायथ्याशी.

अ‍ॅडमचा जन्म ६ मार्च १९३९ रोजी बँकॉकमध्ये झाला. वडील आर्थर ऑस्बॉर्न हे इंग्रज. तिथल्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठात ते इंग्रजी साहित्य शिकवत. आई ल्युसिया पोलंडची. दोघांनाही अध्यात्माची ओढ. १९४१ मध्ये हे कुटुंब रमण महर्षींच्या ओढीने भारतात आले. बायकामुलांना तिरुवण्णामलैला ठेवून आर्थर नोकरीवर परतले आणि त्याच डिसेंबरात जपानी फौजा सयाममध्ये शिरल्या. आर्थर पकडले गेले, आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. दोन वर्षांचा अ‍ॅडम त्या काळात आश्रमाच्या परिसरात वाढत होता. एका बाजूला महर्षींचे मौन, दुसऱ्या बाजूला तमिळ बोलणारे सवंगडी आणि दूर कुठे तरी कैदेत असलेला बाप, असे ते बालपण.

१९४५ मध्ये आर्थर सुटून आले. महर्षींवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये निघाला, तो आजही वाचला जातो. १९६४ मध्ये त्यांनी ‘द माउंटन पाथ’ हे आश्रमाचे नियतकालिक सुरू केले. माणसाच्या गरजा किती थोड्या असू शकतात, हे ज्या कौपीनधारी संताकडे पाहून कळावे, त्याच्याविषयी लिहिण्यात बापाचे उत्तरायुष्य गेले. मुलाने पुढे वेगळ्याच बाजारात, वेगळ्याच हेतूने, गिऱ्हाइकाला नेमके किती लागते याचा हिशेब मांडला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असा माझा दावा नाही. पण कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला अशा जागी क्षणभर थांबावेसे वाटतेच.

अ‍ॅडम कोडाईकनालच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकला. १९५० मध्ये महर्षींनी देह ठेवला, आणि त्याच वर्षी अकरा वर्षांच्या अ‍ॅडमला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडण्यात आले. १९६१ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातून तो रसायन अभियंता झाला. मग अमेरिका. डेलावेअर विद्यापीठाची डॉक्टरेट त्याला १९६८ मध्ये मिळाली. शेल या तेल कंपनीत कॅलिफोर्नियात नोकरीही लागली. पण मोठ्या कंपनीच्या शिस्तीत बसणारा हा गडी नव्हता. नोकरी सुटली आणि त्याने तांत्रिक माहितीपुस्तिका लिहून देण्याचा स्वतःचा व्यवसाय थाटला.

ती वेळच अशी होती, की साध्या भाषेत लिहू शकणाऱ्या अभियंत्याला सोन्याचे दिवस यावेत. संगणकाचा मेंदू एका चिपवर मावू लागला होता. जानेवारी १९७५ मध्ये एका अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर नावाचा, घरी सुटे भाग जोडून बनवायचा संगणक झळकला. किंमत ४०० डॉलरच्या आत. हौशी मंडळींची झुंबड उडाली. पण यंत्र हाती आल्यावर त्याचे करायचे काय, हे समजावून सांगणारे पुस्तक कुठे होते? ऑस्बॉर्नने ते लिहिले. प्रकाशकाने नाकारले, तेव्हा स्वतःच छापले. हौशी संगणकवाल्यांच्या मेळाव्यांत जाऊन विकले. एका संगणक कंपनीने तर आपल्या यंत्राबरोबर त्याचे पुस्तक द्यायला सुरुवात केली. बघता बघता त्याची प्रकाशनसंस्था उभी राहिली, आणि १९७९ मध्ये मॅकग्रॉ-हिल या बड्या प्रकाशनसंस्थेने ती विकत घेतली.

याच काळात तो मासिकांतून स्तंभही लिहीत होता. यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांचे दर, त्यांचे वायदे, त्यांच्या मालाचा दर्जा यांवर त्याची लेखणी तुटून पडे. कबूल केलेल्या तारखेला माल न देणाऱ्यांची तो खरडपट्टी काढी. थोडक्यात, स्वतः संगणक बनवायच्या आधी तो संगणक बनवणाऱ्यांचा परीक्षक होता. आणि परीक्षकाने स्वतः परीक्षेला बसावे, तसे त्याने १९८१ च्या जानेवारीत केले.

त्या वेळचा बाजार कसा होता, ते आधी पाहू. १९७७ या एकाच वर्षी अमेरिकेत तीन तयार घरगुती संगणक आले. टँडी कंपनीचा टीआरएस-८० पडद्यासकट ६०० डॉलरला, कमोडोरचा पेट ७९५ डॉलरला आणि अ‍ॅपल-२ कमीत कमी १,२९८ डॉलरला. वरवर पाहता निवड सोपी. पण ती तशी नव्हती. अ‍ॅपलची ती किंमत केवळ यंत्राची. पडदा वेगळा, माहिती साठवायची डिस्क ड्राइव्ह वेगळी, वाढीव स्मृती वेगळी. मग पत्रे लिहायला एक प्रोग्रॅम, हिशेबाला दुसरा, आणि त्यांच्या किमती कित्येकदा काही शे डॉलर. लग्नाच्या कार्यालयाचे भाडे ऐकून खूश व्हावे, आणि मग मांडव, वीज, भांडी, आचारी यांची बिले एकामागून एक यावीत, तशातला तो प्रकार. शिवाय हे सगळे भाग एकमेकांशी जुळतील याची हमी दुकानदारही देत नसे.

ऑस्बॉर्नच्या लक्षात आले, की गिऱ्हाइकाला यंत्र नको आहे. त्याला पत्र लिहायचे आहे आणि हिशेब करायचा आहे. त्यासाठी लागणारे सगळे एका पेटीत, एका किमतीला आणि उचलून नेता येईल असे द्यायचे, एवढीच त्याची कल्पना. ली फेल्सेनस्टाइन या हुशार आणि तितक्याच अवलिया अभियंत्याला त्याने गाठले. एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर या जत्रेत ‘ऑस्बॉर्न-१’ लोकांसमोर आला. किंमत १,७९५ डॉलर. आपल्याकडच्या त्या वेळच्या दराने साडेपंधरा हजार रुपयांच्या आसपास.

पेटी शिवणयंत्राच्या पेटीसारखी; वजन अकरा किलो. झाकण काढले की तेच कळफलक होई. समोर ५ इंची पडदा, त्याच्या दोन्ही अंगांना दोन डिस्क ड्राइव्ह. आत झेड-८० चिप आणि ६४ केबी स्मृती. आजच्या साध्या मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रालाही ही स्मृती पुरायची नाही. पण १९८१ मध्ये ती भरपूर होती. पेटी विमानातल्या आसनाखाली मावेल अशी बेतलेली. लोकांच्या डोळ्यांत मात्र भरले ते वेगळेच. यंत्राबरोबर वर्डस्टार, सुपरकॅल्क, बेसिक भाषेच्या दोन आवृत्त्या आणि सीपी/एम ही कार्यप्रणाली, असा सगळा संच फुकट होता. बाजारात हाच संच सुटा घेतला, तर दीड हजार डॉलर पडत. म्हणजे हिशेबी गिऱ्हाइकाला यंत्र जवळजवळ तीनशे डॉलरला पडले!

हे त्याला परवडले कसे? एक म्हणजे, प्रोग्रॅम बनवणाऱ्यांशी त्याने घाऊक सौदे केले. प्रोग्रॅमची एक जादा प्रत काढायला खर्च येतो तो डिस्कचा. पुस्तकांच्या धंद्यातून आलेल्या माणसाला हे पक्के ठाऊक होते. दुसरे, त्याने नवे असे काहीच शोधले नाही. बाजारात सहज मिळणारे, कसाला उतरलेले भाग घेतले. तिसरे आणि महत्त्वाचे, जिथे पुरेसे आहे तिथे तो थांबला. ५ इंची पडद्यावर एका ओळीत ५२ अक्षरेच दिसत. टंकलिखित पानाची ओळ साधारण ८० अक्षरांची. मग अक्षरे डावी-उजवीकडे सरकवून वाचायची सोय केली. डिस्कवर माहितीही थोडी मावे. सर्वांत चांगले नाही, पण भागते. आणि जे भागते ते निम्म्या पैशांत मिळते, हे त्याचे सगळे शास्त्र.

गिऱ्हाइकांनी हे शास्त्र डोक्यावर घेतले. लेखक, वार्ताहर, छोटे व्यापारी, हिशेब तपासनीस यांच्या उड्या पडल्या. भरभराटीच्या काळात महिन्याला १०,००० यंत्रे विकली जाऊ लागली. शून्यातून निघालेल्या कंपनीची विक्री १९८२ मध्ये सात कोटी डॉलरच्या आसपास गेली. ऑस्बॉर्न, उंचापुरा, फर्ड्या इंग्रजी उच्चारांचा, वार्ताहरांचा लाडका झाला.

पण बाजाराचा एक जुना नियम आहे. स्वस्ताईचे पेटंट घेता येत नाही. एकाने किंमत पाडून दाखवली, की ती पाडता येते हे सगळ्यांना कळते. ऑस्बॉर्नच्या यंत्रात बाजारात मिळणारेच भाग होते. म्हणजे ते इतरांनाही मिळत होते.

आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पीसी आणला. जाहीर किंमत १,५६५ डॉलर. पण तेवढ्यात डिस्क ड्राइव्हही नाही आणि पडदाही नाही. कामाचे यंत्र करायचे तर आकडा तीन हजारांच्या घरात जाई. किमतीच्या तुलनेत ऑस्बॉर्न सरस होता. पण कचेऱ्यांचा विश्वास आयबीएमवर. तिथे खरेदी करणारा अधिकारी स्वतःच्या खिशातून पैसे देत नसतो, आणि उद्या कुणी बोट दाखवू नये याचीच त्याला अधिक काळजी असते.

दुसरा प्रतिस्पर्धी जवळचा, आणि म्हणून जास्त धोक्याचा. अँड्रू के हे डिजिटल व्होल्टमीटरचे जनक. त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या जुन्या घरगुती कंपनीने १९८२ मध्ये ‘कायप्रो-२’ काढला. तीच झेड-८० चिप, तीच ६४ केबी स्मृती, तीच कार्यप्रणाली, बरोबर प्रोग्रॅमचा संचही तसाच. पेटी पत्र्याची, दणकट. पडदा मात्र ९ इंची, आणि त्यावर पूर्ण ८० अक्षरांची ओळ. डिस्कवर माहिती दुपटीने मावे. आणि किंमत? नेमकी १,७९५ डॉलर. दुकानात दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी ठेवली, की विक्रेत्याला तोंड उघडायची गरजच उरत नसे. पुरेसे ते पुरे हे शास्त्र तोवरच चालते, जोवर त्याच पैशांत कुणी जास्त देत नाही.

तिसरा प्रतिस्पर्धी टेक्सासमधला. तीन माजी नोकरदारांनी काढलेल्या कॉम्पॅक कंपनीने नोव्हेंबर १९८२ मध्ये उचलून नेण्याजोगा संगणक जाहीर केला. एका डिस्क ड्राइव्हसह २,९९५ डॉलर, दोन घेतल्या तर ३,५९० डॉलर. म्हणजे ऑस्बॉर्नच्या जवळजवळ दुप्पट. पण त्यावर आयबीएमच्या पीसीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम चालत. गिऱ्हाइकाने जादा पैसे मोजले ते पत्र्याला किंवा काचेला नाही, तर उद्याच्या सोयीला. मार्च १९८३ पासून माल दुकानांत गेला, आणि त्या वर्षी कॉम्पॅकने ११ कोटी डॉलरहून अधिक विक्री केली. किमतीच्या स्पर्धेत सगळ्यांत महाग यंत्र जिंकले!

तीन यंत्रांची ही तुलना मला आजही पाठासारखी वाटते. ऑस्बॉर्नने किंमत दिली, कायप्रोने त्याच किमतीला दर्जा दिला आणि कॉम्पॅकने जास्त किमतीला जगाशी जुळवून घेण्याची हमी दिली. यंत्र घेणाऱ्याने आपल्याला यातले काय हवे ते ठरवायचे असते. आणि यंत्र बनवणाऱ्याने, आपण जे देतो ते दुसरा किती दिवसांत देऊ लागेल, याचा हिशेब ठेवायचा असतो.

आता रोकडीकडे वळू. लघुउद्योगांची कर्जप्रकरणे ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना एक दृश्य ओळखीचे असते. कारखानदार हसतमुखाने येतो. हातात ऑर्डरींची थप्पी. विक्री वर्षात दुप्पट झाली म्हणून सांगतो, आणि कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागतो. नवखा अधिकारी विक्रीचा आकडा पाहून भारावतो. मुरलेला अधिकारी स्टॉक स्टेटमेंट आणि येणे बाकीची यादी मागतो. कारण विक्री वाढली, की कच्चा माल जास्त घ्यावा लागतो, पगार जास्त द्यावे लागतात, दुकानदाराला उधारी जास्त द्यावी लागते. पैसा आधी बाहेर जातो, मग परत येतो. या मधल्या काळाला पुरणारे ते खेळते भांडवल. ज्या धंद्यात एका नगामागे मिळणारा नफा थोडा, त्यात हा मधला काळ फार जपावा लागतो. बुडणाऱ्या कंपनीच्या हाती ऑर्डरी नसतातच असे नाही. कित्येकदा भरपूर असतात.

ऑस्बॉर्नची कंपनी अशी अंगाला न मावणारी वाढत होती. किती भाग आले, किती लागले, एका यंत्राला खरा खर्च किती, हे सांगणारी हिशेबाची घडी नीट बसलेली नव्हती. जानेवारी १९८३ मध्ये बाहेरून अनुभवी मुख्याधिकारी आणला गेला. समभाग विक्रीला काढून भांडवल उभारायचे बेत झाले. पण वह्या नीट तपासल्या, तेव्हा जिथे नफा समजला होता तिथे तोटा निघाला. समभाग विक्री बारगळली. ज्या पैशांवर सगळी मदार, तोच आला नाही.

नेमक्या त्याच दिवसांत ‘एक्झिक्युटिव्ह’ या नव्या यंत्राची कुणकुण दुकानदारांना लागली. ७ इंची पडदा, ८० अक्षरांची ओळ, दुप्पट स्मृती, किंमत २,४९५ डॉलर. यंत्र पत्रकारांना आधीच दाखवून झाले होते. दुकानदारांनी जुन्या यंत्रांच्या ऑर्डरी रद्द केल्या. पाठ्यपुस्तकातली गोष्ट इथे संपते.

पण जरा विचार करा. ‘एक्झिक्युटिव्ह’ ऑस्बॉर्न-१ पेक्षा ७०० डॉलरने महाग होता. १,७९५ डॉलर खिशात घेऊन निघालेला माणूस केवळ त्याच्या बातमीने थांबेल का? काही थांबले असतील. पण त्याच पैशांत मोठ्या पडद्याचा कायप्रो समोर तयार होता. न थांबणारा तिकडे गेला. ज्याच्याजवळ जास्त पैसे होते तो कॉम्पॅककडे गेला, कारण ‘एक्झिक्युटिव्ह’वर आयबीएमचे प्रोग्रॅम चालत नव्हते. म्हणजे नव्या मालाच्या बातमीने जुना माल मारला हे खरे असले, तरी तो आधीच आजारी होता, आणि नव्याची प्रकृतीही धड नव्हती.

कंपनीच्या अंतकाळाची आणखी एक हकिगत सांगितली जाते. जुन्या यंत्राचे दीड लाख डॉलर किमतीचे सर्किट बोर्ड गोदामात पडून होते. ते वाया जाऊ नयेत म्हणून त्यांची यंत्रे पुरी करायचे ठरले. पण त्यासाठी पडदे, ड्राइव्ह, पेट्या नव्याने मागवाव्या लागल्या आणि दीड लाखाच्या मालापायी वीस लाख डॉलर घातले गेले. पडून असलेला माल वाया जातो म्हणून जीव तुटणे हा आपल्या सगळ्यांचाच स्वभाव. उरलेल्या भाताची फोडणी करायला डझनभर अंडी आणि शेरभर मटण आणावे, तसे ते झाले. कंपनीचा घास घेतला तो अशा हिशेबांनी. उन्हाळ्यात ऑस्बॉर्न-१ ची किंमत १,२९५ वर आणि मग ९९५ डॉलरवर आणली गेली. स्वस्ताईवर उभ्या राहिलेल्या कंपनीचा शेवटचा उपायही स्वस्ताईच. १३ सप्टेंबर १९८३ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. जत्रेतल्या त्या पहिल्या दिवसापासून जेमतेम अडीच वर्षे लोटली होती.

त्या वर्षी बुडणारा तो एकटाच नव्हता. कमोडोर आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स यांच्यात घरगुती संगणकांच्या किमती पाडण्याची चढाओढ लागली होती. टेक्सासचे यंत्र शेवटी ९९ डॉलरपर्यंत उतरले, आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये त्या बलाढ्य कंपनीने या धंद्यातून अंग काढून घेतले. आपल्याकडे तेव्हा काय चालले होते? बँकांत संगणक आणावा की नाही, कुठे आणि कसा, हे ठरवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेली डॉ. रंगराजन समिती त्याच सुमारास काम करत होती. तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. तिकडे संगणकाच्या किमतीवरून कंपन्या बुडत होत्या आणि इकडे आम्ही खातेवह्यांच्या बेरजा जुळवत रात्री नऊपर्यंत बसत होतो.

ऑस्बॉर्नने १९८४ मध्ये एका सहलेखकाबरोबर आपल्या कंपनीच्या उदयास्तावर पुस्तक लिहिले. अनेक उद्योजकांना असे पडल्यावर झोप लागत नाही. हा तर लगेच उठून दुसऱ्या आखाड्यात उतरला. पेपरबॅक सॉफ्टवेअर हे नव्या कंपनीचे नावच बोलके आहे. पुस्तके जशी कागदी बांधणीत स्वस्त मिळतात, तसे प्रोग्रॅमही मिळावेत. हिशेबाचे तक्ते करणारा लोटस १-२-३ तेव्हा ४९५ डॉलरला विकला जाई. ऑस्बॉर्नने तशाच कामाचा व्हीपी-प्लॅनर शंभर डॉलरच्या आत विकला. लोटसची सवय झालेल्याला नवे शिकावे लागू नये म्हणून त्यातल्या आज्ञांची मांडणीही लोटससारखीच ठेवली.

जानेवारी १९८७ मध्ये लोटसने दावा लावला. प्रोग्रॅमच्या आतली मांडणी वेगळी असली, तरी पडद्यावर दिसणारी आज्ञांची रचना ही आमची मालमत्ता, असे त्यांचे म्हणणे. तीन वर्षे खटला चालला. खटल्यातल्या कंपनीशी मोठे व्यवहार करायला कोण धजणार? जून १९९० मध्ये न्यायाधीश रॉबर्ट कीटन यांनी निकाल लोटसच्या बाजूने दिला. ऑस्बॉर्न कंपनीतून बाहेर पडला, आणि स्वस्त प्रोग्रॅमचा तो प्रयोगही संपला.

पुढची गंमत अशी, की लोटसने याच मुद्द्यावर बोरलँड कंपनीवर लावलेला दावा अपिलात १९९५ मध्ये फिरला. अशी आज्ञांची रचना ही वापरण्याची पद्धत असते, तिच्यावर लेखनहक्क सांगता येत नाही, असे अपील न्यायालयाने ठरवले. जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार मते पडली आणि तोच निकाल कायम राहिला. ज्या मुद्द्यावर ऑस्बॉर्न हरला, त्याच मुद्द्यावर दुसरा कुणी जिंकला. पण तोवर ऑस्बॉर्न त्या आखाड्यात उरलाच नव्हता.

त्याची प्रकृती ढासळत होती. मेंदूच्या विकाराने त्याला वारंवार लहान लहान झटके येत. १९९२ च्या सुमारास तो भारतात परतला, कोडाईकनालला, जिथे तो लहानपणी शाळेत गेला होता. बहिणीने त्याचे केले. शेवटची दहा-अकरा वर्षे त्याने तिथेच काढली. कॅलिफोर्नियात त्याच्या नावाचा परिणाम व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवला जात होता, आणि तो मनुष्य पळनीच्या डोंगरांत जगाच्या दृष्टीने नाहीसा झाला होता. निधनानंतरच पुष्कळांना कळले, की तो इतकी वर्षे हयात होता.

ज्यांनी त्याला हरवले त्यांचे काय झाले, तेही सांगायला हवे. कायप्रोने आयबीएमच्या मार्गाला लागायला उशीर केला. १९९० मध्ये तिनेही दिवाळखोरीचा अर्ज केला आणि १९९२ मध्ये ती मोडीत निघाली. कॉम्पॅक जगातली पहिल्या क्रमांकाची पीसी कंपनी झाली, आणि २००२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. आयबीएमने २००५ मध्ये आपला पीसीचा धंदा लेनोव्हो या चिनी कंपनीला विकून टाकला. लोटसला १९९५ मध्ये आयबीएमने गिळले. किमतीने, दर्जाने, विश्वासाने, कायद्याने, प्रत्येकाने आपापल्या शस्त्राने लढाई जिंकली. पण ती जीत कुणालाच जन्माची पुरली नाही.

मग या सगळ्यात लाभ कुणाचा झाला? माझ्या मते गिऱ्हाइकाचा. संगणक घेतला की त्याच्याबरोबर कामाचे प्रोग्रॅम यायला हवेत, जाहीर केलेल्या किमतीत घरी नेऊन काम सुरू करता आले पाहिजे, आणि यंत्र माणसाबरोबर हिंडले पाहिजे, या अपेक्षा आज आपण गृहीत धरतो. मुलाला कॉलेजसाठी लॅपटॉप घेताना आई-वडील दुकानात तीन यंत्रे शेजारी ठेवतात, पडदा किती, स्मृती किती, सोबत काय काय, असे विचारतात. ते ज्या पद्धतीने तुलना करतात, ती पद्धत बाजाराला शिकवणाऱ्यांत हा माणूस पुढे होता. त्याला ती महागात पडली, कारण त्याच पद्धतीने लोकांनी त्याचे यंत्र कायप्रोच्या शेजारी ठेवून पाहिले.

स्वस्त देणाऱ्याकडे दोनच गोष्टी राखीव असाव्या लागतात: वहीतला बिनचूक हिशेब आणि पडत्या काळाला पुरेल इतकी रोकड. ऑस्बॉर्नजवळ या दोन्ही नव्हत्या; होती ती कल्पना, आणि ती दुसऱ्यांनी उचलली. त्याच्या नावाला चिकटलेली चूक खरी आहे, पण ती त्याच्या आयुष्यातले काही महिने व्यापते. त्याच्याआधी आणि नंतर, पुस्तकांत, यंत्रांत, प्रोग्रॅममध्ये, तो एकच गोष्ट करत राहिला. महाग वस्तू उघडून बघायची, तिच्यात खरोखर लागणारे किती आहे ते मोजायचे आणि तेवढेच कमी पैशांत साध्या माणसाच्या हाती द्यायचे. हा उद्योग तीनदा केला. एकदा नफा, दोनदा दिवाळे. बँकेच्या खतावणीत अशा खात्यापुढे लाल शेरा पडतो. समाजाच्या खतावणीत मात्र ही रक्कम मी जमेच्या बाजूला लिहीन.